पाणी आलं तर कोणी काही म्हणत नाही

वाचकाचं पत्र:

"मी यवतमाळ जिल्ह्यातल्या अठराशे वस्तीच्या गावात राहतो. वय 36. बी.ए. झालो, पोलीस भरती दोनदा दिली, नाही झालं. बारा वर्षांपासून ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करतो. पहाटे पाचला नाल्याकाठच्या विहिरीवरची मोटर चालू करायची, टाकी भरली की एकेका वार्डाचा व्हॉल्व्ह फिरवायचा. दुपारी परत तेच. पाणी आलं तर कोणी काही म्हणत नाही. एक दिवस लाईन नसली की लोक दारात उभे, 'पाणी काहून नाही सोडलं बे?' माझ्यासंगं शिकलेला एक जण पुण्याकडं कंपनीत आहे, दिवाळीला गाडी घेऊन येतो. माझा पोरगा सहावीत आहे. शाळेत त्याला विचारलं बाबा काय करतात, तर तो म्हणाला शेती. वावर तर आमचं दीड एकर, तेही भाऊच वाहतो. त्या रात्री झोप नाही लागली. जिंदगीभर नुसता व्हॉल्व्ह फिरवत राहायचं का? कामात अर्थ शोधा, असं मोबाईलवर सगळेच सांगतात. या कामात मी कोणता अर्थ शोधू?"

भाऊ,

"पाणी आलं तर कोणी काही म्हणत नाही" हे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण तुमच्या दुखण्याची मुळी तिथंच आहे.

गवंड्यानं दिवसभर काम केलं की संध्याकाळी भिंत दिसते. शिंप्याचा कपडा कुणाच्या तरी अंगावर दिसतो. तुमच्या कामाचं फळ मात्र न घडलेल्या गोष्टीत असतं. आषाढात गावात हगवणीची साथ आली नाही, अंगणवाडीतलं लेकरू सलाईनवर गेलं नाही, एखादी पोर शाळा बुडवून हापशीवर गेली नाही. न घडलेल्या गोष्टीचा कुणी सत्कार करत नाही, आणि करणाऱ्याच्याही ती डोळ्यांपुढं येत नाही. बारा वर्षं तुम्हाला फक्त बिघडलेल्या दिवसांचा आवाज ऐकू आला आहे. कोणताही माणूस अशानं खचेल. म्हणून नवा अर्थ शोधायला कुठं जाऊ नका. जे तुम्ही रोज टाळता, ते स्वतःला दिसेल अशी सोय करा. ती कशी करायची ते पुढं नेमकेपणानं लिहितो.

त्याआधी पैशाचं बोलू, कारण ते बाजूला ठेवून केलेला उपदेश खोटा असतो. कामाला अर्थ असणं आणि कामाचा पुरता पगार मिळणं हे दोन वेगळे हिशेब आहेत. एकातली तूट दुसऱ्यानं भरून निघत नाही. गाडगेबाबांच्या जिल्ह्याशेजारी राहता, तेव्हा "ही तर सेवा आहे" हे वाक्य तुम्ही पगार थकला असताना नक्की ऐकलं असेल. बाबांनी झाडू स्वतःच्या मर्जीनं उचलला होता. तुम्ही नोकरी करता. ग्रामपंचायत कर्मचाऱ्याला किमान वेतन लागू आहे, भविष्य निर्वाह निधीचा 8.33 टक्के हिस्सा आहे, सेवा पुस्तिका आहे. तुमचं नाव आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत आहे का, सेवा पुस्तिकेत शेवटची नोंद कोणत्या वर्षाची आहे आणि निधी खात्यावर खरंच जमा होतो का, हे तीन प्रश्न सचिवांना लेखी विचारा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विचारलेलं गावात विरून जातं. हा हिशेब सुरू झाला की मनातली निम्मी चरफड वेगळी निघते. मग उरलेली कामाबद्दलची आहे की पगाराबद्दलची, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आता कामाकडं येऊ. तुम्ही लिहिता की दिवसभर व्हॉल्व्ह फिरवता. पत्रात टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचा, एकदाही उल्लेख नाही, आणि तुमच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट नेमकी तीच आहे. व्हॉल्व्ह कुणीही फिरवेल. टाकीत पावडर किती पडली, कशी पडली आणि तिचा असर शेवटच्या घरापर्यंत पोचला का, हे गावात रोज फक्त एक माणूस ठरवतो. तो माणूस तुम्ही आहात. सरपंच ठरवत नाही, डॉक्टरही ठरवत नाही.

हिशेब असा. हजार लिटर पाण्याला चांगल्या टीसीएलचे साधारण 5 ग्रॅम. तुमची टाकी किती लिटरची ते लिहिलेलं नाही, पण एवढ्या वस्तीला बहुधा 50,000 ची असते. तसं असेल तर एका भरणीला 250 ग्रॅम, दोन भरण्यांना दिवसाला अर्धा किलो. म्हणजे 25 किलोची गोणी 50 दिवसांत संपायला हवी. तुमच्या गावात एक गोणी किती दिवस पुरते? तीन-चार महिने पुरत असेल, तर मापापेक्षा निम्मी पावडर पडते आहे किंवा दिवसाआड पडते आहे. हे टोचण्यासाठी लिहीत नाही. बहुतेक गावांत मूठ हेच माप असतं, आणि मूठ रोज वेगळी असते. एकदा 250 ग्रॅम पावडर प्लास्टिकच्या पिशवीत घालून वजन करा, एका प्लास्टिकच्या मगात ओता आणि ती जिथवर येते तिथं खिळ्यानं खूण करा. तो मग दुसऱ्या कशालाही वापरू नका.

टाकण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. कोरडी पावडर टाकीत वरून भिरकावली की तिचे गोळे तळाशी बसतात, वरचं पाणी तसंच राहतं, आणि पहिल्या वार्डाला वास मारणारं तर शेवटच्या वार्डाला कोरं पाणी जातं. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात आधी लापशीसारखी कालवा, मग बादली पाऊण भरून ढवळा, दहा मिनिटं बसू द्या. चुना खाली बसतो. वरची निवळी टाकी भरत असतानाच ओता, म्हणजे पडणाऱ्या पाण्याबरोबर ती आपोआप मिसळते. तळातला गाळ टाकीतही नको आणि विहिरीतही नको. निवळी ओतल्यापासून किमान अर्धा तास, जमलं तर एक तास थांबूनच व्हॉल्व्ह उघडा. क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो. घाईघाईत लगेच सोडलेलं पाणी वास मारतं आणि जंतूही तसेच राहतात. हातात मोजे, नाकाला फडकं, आणि लोखंडी बादली नको, तिला गंज चढतो.

पावडर जुनी होते हेही ध्यानात ठेवा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. हवा, ओल आणि ऊन लागलं की तो उडून जातो. ग्रामपंचायतीच्या पडवीत तोंड उघडी पडलेली गोणी दोन महिन्यांत नुसता चुना होते. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबत नसेल, ढेकळं झाली असतील, तर ती पावडर मापानं टाकूनही उपयोग नाही. गोणी आली की झाकणाच्या कोरड्या प्लास्टिकच्या डब्यात भरा, सावलीत ठेवा आणि डब्यावर आल्याची तारीख लिहा.

इतकं बारकाईनं लिहिण्याचं कारण हे की अर्थ मोठ्या शब्दांत राहत नाही. तो अशा जागी असतो जिथं तुमच्या हातानं फरक पडतो. तुमच्या कामातली ती जागा टाकीवरची ती दहा मिनिटं आहेत.

आता त्याचा पुरावा. ग्रामपंचायतीत किंवा उपकेंद्रात पाण्यातला क्लोरीन तपासायची ओटी टेस्टची पेटी असते, बरेचदा कपाटावर धूळ खात. पाणी सोडल्यावर गावाच्या अगदी शेवटच्या नळावर जा. नळ थोडा वेळ वाहू द्या, काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, बाटलीवर सांगितलेले तेवढे थेंब टाका, हलवा आणि लगेच पांढऱ्या कागदासमोर धरा. पाणी हलकं पिवळं व्हायला लागतं. पेटीतल्या रंगांशी जुळवलं की आकडा मिळतो. शेवटच्या घरी 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर असला की पाणी राखलं गेलं. आसपास साथ असेल तर 0.5 पर्यंत न्या. पाच-दहा मिनिटांनी रंग वाढतो, तो आकडा धरायचा नाही. ते पाणी चाखायचं नाही, जनावरांच्या टाक्यातही ओतायचं नाही, कारण त्या थेंबातलं रसायन विषारी आहे. लांब खड्ड्यात ओता आणि हात धुवा.

तो फिका पिवळा रंग म्हणजे न घडलेल्या गोष्टीचा पुरावा. टाकीवर पहाटे साडेपाचला केलेलं काम गावाच्या टोकाला सात वाजता जिवंत आहे, हे तुम्ही डोळ्यांनी पाहता.

आणि रंग आलाच नाही तर? तर खरं काम सुरू झालं. कारणं ठरलेली असतात. पहिलं, नाल्याला पूर येऊन विहिरीत गढूळ पाणी उतरलं. मातीत आणि पाल्यापाचोळ्यात क्लोरीन खर्च होऊन जातो, म्हणून चैत्रात पुरणारे 250 ग्रॅम आषाढात पुरत नाहीत. शेवटच्या घरी रंग येईपर्यंत थोडं-थोडं वाढवत न्यावं लागतं. दुसरं, पावडर मेलेली. तिसरं सगळ्यात वाईट: टाकीखालच्या नळावर पिवळं येतं आणि टोकाला येत नाही. याचा अर्थ बहुधा मध्ये कुठं तरी लाईन फुटली आहे. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि फुटलेल्या जागेतून नालीचं पाणी आत ओढलं जातं. कुणी नळाला टिल्लू पंप लावला असेल तर ही ओढ आणखी वाढते. अशा वेळी टाकीपासून एकेका चौकातल्या नळावर टेस्ट करत खाली या. ज्या दोन नळांमध्ये रंग हरवतो, त्यांच्यामध्येच फूट आहे. वर्षभर गाव खोदत बसण्यापेक्षा एका सकाळीत जागा सापडते, आणि सचिवांना "लाईन लीक आहे" असं मोघम सांगण्याऐवजी "अमक्याच्या घरापासून मारुतीच्या पारापर्यंतच्या पट्ट्यात आहे" असं लेखी देता येतं.

महिन्यातून एकदा एचटूएस बाटलीही लावा. आरोग्य उपकेंद्रातून मागा. खुणेपर्यंत नळाचं पाणी भरून बाटली सावलीत ठेवायची. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर त्यात घाणीचे जंतू आहेत. ओटी टेस्ट आजचं सांगते, ही बाटली खात्री देते. एक मर्यादाही सांगून ठेवतो, कारण तुमच्या जिल्ह्यात ती लागू आहे: फ्लोराइड टीसीएलनं जात नाही. ज्या हापशीवर लाल रंग मारला आहे तिचं पाणी कितीही पावडर टाकली तरी प्यायचं नाही, आणि लोकांना हे समजावून सांगणारा माणूस गावात बहुधा तुम्हीच असाल.

हे सगळं चुकलं तर काय होतं ते विदर्भानं पाहिलं आहे. 2022 च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत लोकांना उघड्या विहिरीचं पाणी प्यावं लागलं. कॉलरा पसरला, माणसं दगावली. ती बातमी राज्यभर झाली. ज्या शेकडो गावांत त्या महिन्यात काही झालं नाही, तिथली बातमी झाली नाही. तुमचं गाव त्यांतलं एक असेल, तर त्यात तुमच्या दहा मिनिटांचा वाटा आहे.

आता माणसांकडं. 2007 साली छापून आलेल्या एका अभ्यासासाठी अ‍ॅडम ग्रँट नावाच्या संशोधकानं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कॉल सेंटरमध्ये एक साधा प्रयोग केला. तिथली मुलं दिवसभर फोन करून शिष्यवृत्तीसाठी देणग्या मागायची, नकार ऐकायची, थकून जायची. त्यांतल्या काहींना त्या पैशावर शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला फक्त पाच मिनिटं भेटवलं. महिन्याभरानं पाहिलं तर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. ना पगार वाढला होता, ना कुणी भाषण दिलं होतं. कामाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस त्यांनी पाहिला होता, इतकंच.

तुम्ही म्हणाल, मी तर रोजच गावाला भेटतो. भेटता, पण तक्रारीच्या वेळी भेटता. म्हणून मुद्दाम पाच घरं निवडा, आणि पाणी व्यवस्थित आलेल्या दिवशी जा. लाईनीतलं शेवटचं घर. वरच्या दुधावरचं तान्हं बाळ असलेलं घर, कारण त्याची बाटली तुमच्याच पाण्यात धुतली जाते. अंगणवाडी किंवा शाळेतलं पोषण आहाराचं स्वयंपाकघर. हापशीवरून पाण्याचा गुंड उचलून आणणं जिला आता होत नाही अशी एखादी आजी. आणि ज्या घरातली पोरगी पाणी आलं नाही की शाळा बुडवते ते घर. महिन्याला एक घर पुरे.

विचारायचं काय, यावर सगळं अवलंबून आहे. "पाणी बरोबर येते का?" असं विचारलंत तर दहा तक्रारी अंगावर येतील आणि तुम्ही आणखी पडल्या चेहऱ्यानं घरी जाल. "पाणी नाही आलं तर त्या दिवशी तुमचं काय काय अडते?" असं विचारा आणि गप्प बसून ऐका. लोक तपशील सांगतात: कोण लवकर उठतं, कोणाची रोजी बुडते, कपडे कधी धुतले जातात, बकऱ्यांना काय पाजतात. आभार मानायला कुणाला लावू नका, स्वतःही वाट पाहू नका. तुम्हाला माहिती हवी आहे, कौतुक नको. आभाराची वाट पाहणारा माणूस दुसऱ्या महिन्यात हा नाद सोडतो, हे ठरलेलं.

आशाताईंशीही एक बोलणं करून ठेवा. गावात जुलाबाचे रुग्ण कोणत्या महिन्यात किती झाले हे त्यांना माहीत असतं. नावं मागू नका, ती त्यांनी द्यायचीही नसतात. फक्त महिना, वार्ड आणि आकडा. तुमच्या वहीतल्या नोंदी आणि त्यांचा आकडा शेजारी-शेजारी ठेवले की कोणत्या वार्डात काय चाललं आहे ते दिसायला लागतं.

वहीचं सांगतो. शाळेची दोनशे पानी वही पुरेल. रोज एक ओळ: तारीख, मोटर चालू-बंदची वेळ, टीसीएल किती ग्रॅम, शेवटच्या घरचा आकडा, बिघाड काय आणि तो कसा काढला. मनातल्या भावना लिहायच्या नाहीत, त्यानं वही आठ दिवसांत बंद पडते. बिघाडाच्या रकान्यात मात्र कंजूषपणा नको. "फेज गेला, फ्यूज बदलला, 40 मिनिटं उशीर" असं लिहा. दर महिन्याच्या शेवटी फक्त दोन गोष्टी मोजा: शेवटच्या घरी रंग आलेले दिवस किती, आणि पाणी वेळेवर सुटलेले दिवस किती. बारा वर्षांत पहिल्यांदा तुमच्याकडं चांगल्या दिवसांचा हिशेब असेल. आजवर तो फक्त वाईट दिवसांचा होता, आणि तोही लोकांच्या तोंडी.

या वहीचा सरकारी कामातही उपयोग होतो. आरोग्य खातं वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावाच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतं आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतं. लाल म्हणजे साथीचा धोका मोठा. सलग पाच वर्षं हिरवं मिळालं आणि साथ आली नाही तर चंदेरी कार्ड मिळतं. सध्या तुमच्या ग्रामपंचायतीकडं कोणत्या रंगाचं आहे, ते ग्रामसभेत विचारा. पाहणीला माणसं येतील तेव्हा त्यांच्यापुढं वही ठेवा. गावाचं कार्ड पिवळ्याचं हिरवं करणं हे एका माणसाच्या हाताला दोन वर्षांत पेलेल असं काम आहे. "समाजाची सेवा" यापेक्षा हे ध्येय खूप लहान आहे, म्हणूनच ते टिकेल.

लोकांच्या शिव्यांचंही बघू. पाणी का नाही आलं यापेक्षा कधी येणार हे न कळल्यामुळं लोक जास्त चिडतात. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज रात्री एकच संदेश टाका: उद्या कोणत्या वार्डाला किती वाजता, आज शेवटच्या घरी क्लोरीन किती, मोटर बंद असेल तर कशामुळं आणि अंदाजे कधी सुरू होईल. खाली वाद घालायचा नाही, उत्तरं द्यायची नाहीत. ज्यांच्याकडं मोबाईल नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहा. टाकी धुतल्याची तारीखही टाकीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. आठ-पंधरा दिवस कुणी वाचणारही नाही. पण एक दिवस संदेश चुकला की लोक विचारतील, आणि तेव्हा ओळखा की तुमच्या शब्दावर गावाचा दिवस आखला जातो आहे.

तुमच्या मुलाबद्दल. त्याला समजावायला बसू नका. सहावीतल्या पोराला बापाच्या कामाचा मोठेपणा सांगून पटत नाही, आणि त्यानं शेती सांगितलं यात तुमचा अपमान करायचा हेतूही नव्हता. त्याच्याकडं सांगायला दुसरा शब्दच नव्हता. रविवारी त्याला शेवटच्या नळावर घेऊन जा, नळी त्याच्या हातात द्या आणि आकडा त्याला वाचू द्या. थेंब मात्र तुम्हीच टाका. विज्ञानाच्या गुरुजींना विचारून सहावी-सातवीच्या वर्गात ही टेस्ट एकदा करून दाखवलीत तर फारच छान. पोरं घरी जाऊन सांगतात, आणि टाकीचं पाणी "वास मारते" म्हणून उघड्या विहिरीचं पाणी भरणाऱ्या घरांत त्यांचं म्हणणं तुमच्यापेक्षा जास्त ऐकलं जातं.

यात कुठं घसरतं तेही सांगतो. सगळ्यात जास्त माणसं उत्साहात एकदम सगळं सुरू करतात आणि पोळ्यापर्यंत सगळं सुटतं. पहिले पंधरा दिवस फक्त मग आणि बादली. मग शेवटच्या घरची टेस्ट जोडा, मग वही. ग्रुप आणि घरभेटी दुसऱ्या महिन्यात. दुसरी घसरण याच्या उलट: काम आवडू लागलं की माणूस स्वतःला अख्ख्या गावाचा मालक समजतो. रात्री अकराला फोन, सणाला घरी नाही, तापात टाकीवर. याचा शेवट चिडण्यात आणि व्यसनात होतो. एका होतकरू पोराला मोटर, व्हॉल्व्ह आणि पावडरीचं माप शिकवून ठेवा, ग्रामपंचायतीकडून त्याला बदली माणूस म्हणून लेखी मान्यता घ्या, आणि आठवड्याची सुटी खरंच घ्या. रात्री नऊनंतर फक्त लाईन फुटली किंवा मोटर जळाली तरच फोन, हे ग्रुपवर एकदाच लिहा आणि पाळा. तिसरी गोष्ट पुण्याच्या मित्राची. त्याची गाडी तुम्हाला दिसते, त्याची पाळी आणि खोलीचं भाडं दिसत नाही, एवढं ध्यानात ठेवून तो विषय सोडा.

हे तीन महिने करून पाहा, मृगापासून सुरू केलंत तर पोळ्यापर्यंत. नंतरही पहाटे उठताना तितकंच जड वाटत असेल, तर ते मान्य करा. सगळ्यांनाच सगळ्या कामात अर्थ सापडतो असं नाही आणि न सापडणं हा दोष नाही. पण तेव्हा नीट तपासा की नकोसं काय झालं आहे. काम, गाव, की साहेब? मोटर आणि स्टार्टरचं काम हाताला आवडत असेल तर आयटीआयमध्ये वायरमन आणि पंप ऑपरेटर कम मेकॅनिक असे ट्रेड आहेत, तालुक्याच्या ठिकाणी चौकशी करा. मोटर भरणारा माणूस चार गावांत मिळत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

दुसरी वाट याच नोकरीतून जाते आणि अनेकांना ती ठाऊकही नसते. जिल्हा परिषदेच्या वर्ग 3 आणि वर्ग 4 च्या पदांपैकी 10 टक्के जागा ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांमधून भरल्या जातात, आणि त्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. तुमची बारा झाली, शिवाय बी.ए. आहे. त्यासाठी जिल्हा परिषदेकडं ज्येष्ठता यादी असते. पंचायत समितीत जाऊन तुमचं नाव त्या यादीत आहे का, नेमणुकीची तारीख बरोबर लागली आहे का, हे पाहून या. नेमणुकीचा ठराव, सेवा पुस्तिकेची प्रत, पदवीचं प्रमाणपत्र आणि जन्मतारखेचा पुरावा यांच्या दोन-दोन प्रती सोबत न्या. तारीख चुकलेली असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या आणि आवक क्रमांक लिहून घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका.